आबासाहेबांचा घोडा

"मॅडम, आधी घोड्याबद्दल सांगा. पूर्वजांकडे आपण नंतर येऊ," असं म्हणत चॅनेलचा वार्ताहर माझ्या पदराला माइक अडकवत होता. सांगोला तालुक्यातल्या एका गायरानात मी भर उन्हात उभी होते. समोर कमरेएवढा दगड. त्यावर शेंदूर, तेल आणि झेंडूचा हार. मागे कार्यक्रमाचा मांडव आणि त्यावर फ्लेक्स: 'शूर पूर्वज स्मारक व मंगल कार्यालय, नियोजित जागा.'

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला चालू तासातून बोलावून घेतलं होतं. इतिहासवाल्यांना असं बोलावणं हल्ली दोनच कारणांसाठी येतं. एखाद्या सिनेमावरून वाद पेटतो आणि चॅनेलला संध्याकाळपर्यंत तज्ज्ञ हवा असतो, नाहीतर कुठल्यातरी जयंतीचा वक्ता ऐनवेळी गळतो. हे कारण तिसरंच निघालं.

"आबासाहेबांच्या गावात वीरगळ सापडलाय," सर म्हणाले. "उद्या जाऊन दोन शब्द बोला. एक्स्टेन्शन अॅक्टिव्हिटी म्हणून फाइलला लावता येईल."

"सर, दगड बघितल्याशिवाय वीरगळ कसा म्हणू?"

"फोटो आलाय की व्हॉट्सअॅपवर."

फोटोत आबासाहेब पूर्ण होते. दगडाचा एक कोपरा होता.

आबासाहेब आमच्या संस्थेचे संचालक. माझ्या प्रमोशनची फाइल त्यांच्याच कमिटीपुढे पडून होती. सरांनी त्याचा उल्लेख केला नाही. फक्त मी उठताना म्हणाले, "मॅडम, जरा सांभाळून."

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेला दगड. त्यावर एकावर एक चौकटी असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरांसोबत स्वर्गाला निघालेला वीर, वर शिवलिंगाची पूजा. या दगडावर एकच चित्र होतं आणि तेही शेंदरात बुडालेलं. मी बाटलीतलं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बसले. चॅनेलवाल्यांना लाइव्ह जायला अर्धा तास होता.

वर सूर्य-चंद्र निघाले. त्याखाली जुन्या मराठी अक्षरांच्या चार ओळी, निम्म्या झिजलेल्या. मग चार पाय निघाले. मग कान.

मांडवाच्या कडेला मेंढरं थोपवून एक म्हातारी बसली होती. तुळसाबाई तिचं नाव. या गायरानात तिची मेंढरं चरायची, आता मांडव घातल्यामुळे ती अडली होती. ती बराच वेळ माझा ब्रश बघत होती.

"घोड्याचं कान आसलं आसत्यात व्हय, बाई?"

मी तिच्याकडे बघितलं. ती गंभीर होती.

हा गद्धेगाळ होता. पूर्वी कुणी देवाला, गावाला किंवा गुरांना जमीन दिली की असा दगड रोवायचे. सूर्य-चंद्र म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान टिकावं. लेखात दानाची माहिती, आणि शेवटी ही जमीन बळकावणाऱ्याला शिवी. वाचता न येणाऱ्यांसाठी तीच शिवी खाली चित्रात कोरलेली असते. तिच्यात एक गाढव असतं, एक बाई असते, आणि पुस्तकांत तो फोटो लहान छापतात. वर्गात मी या ठिकाणी 'इत्यादी' म्हणून पुढे जाते.

चार ओळींतले पाच-सहा शब्द मला नक्की लागले. त्यात 'गुरें' होतं, 'चरावया' होतं, आणि इत्यादीही होतं.

मी आबासाहेबांना मांडवामागे नेलं आणि हे सगळं सांगितलं.

"म्हंजे हितं मंगल कार्यालय बांधलं तर ती शिवी मला?"

"दगड नाव घेत नाही, आबासाहेब. जो जमीन घेईल त्याला."

"मॅडम, कान झिजल्यात आसं म्हणता येईल का?"

"झिजले असते तर आखूड झाले असते."

"मग तुमी नुसतं प्राणी म्हणा. फायलीचं मी बघतो."

मी नाही म्हणाले नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ती फाइल तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती आणि मला तिचा कंटाळा आला होता. लाइव्ह सुरू झालं तेव्हा मी कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "इथे एक चतुष्पाद प्राणी कोरलेला आहे."

"म्हणजे वीराचा घोडाच ना, मॅडम?"

"चतुष्पाद आहे," मी म्हणाले. माझ्या विद्यार्थ्यांनी असं उत्तर लिहिलं तर मी अर्धा मार्कही देत नाही.

"गाढाव हाय त्ये," मागून आवाज आला. मेंढरांना नाही, पण माणसाला मांडवात येऊ देतात हे बघून तुळसाबाई आत आली होती. वार्ताहराने सवयीने माइक तिच्यापुढे धरला. "आन् त्या बाईबरुबर काय करतंय त्ये दिसतंय की. आमी ल्हानपणापास्नं बघतूय. ह्यो दगूड हितंच हुता, सापडला कुटनं?"

मांडवात कुणीतरी खोकलं. आबासाहेब फ्लेक्सकडे बघू लागले. वार्ताहराने माइक पुन्हा माझ्याकडे वळवला. "मॅडम, तज्ज्ञ म्हणून आपण काय सांगाल?"

आता चतुष्पादाला अर्थ उरला नव्हता. मी सगळं सांगितलं. दगड काय, दान कशाचं, सूर्य-चंद्र कशाला. शिवीपाशी आल्यावर मी थांबले.

"इत्यादी," मी म्हणाले.

"इत्यादी म्हणजे नेमकं काय?"

ते तुळसाबाईने सांगितलं. पूर्ण वाक्यात, कर्त्या-कर्मासकट. मला अर्थात एकही दुरुस्ती सुचवावी लागली नाही.

आबासाहेबांच्या हुशारीला मात्र दाद द्यावी लागेल. त्यांनी पुढे येऊन स्वतःच माइक घेतला. "आमच्या पूर्वजांनीच ही जमीन जनावरास्नी दिली. तिला कुनी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय." टाळ्या पडल्या. पूर्वज कुठले, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या आठवड्यात मांडव निघाला. मंगल कार्यालय रस्त्याच्या पलीकडे, आबासाहेबांच्या स्वतःच्या रानात होतंय. चॅनेलने बातमीला मथळा दिला, 'प्राध्यापिकेच्या तोंडून शाप, गावात खळबळ'. वर्गातल्या मागच्या बाकांनी दोन दिवस मला 'इत्यादी'चाच अर्थ विचारला. प्राचार्य म्हणाले, "फाइलला लावू, पण व्हिडिओ जोडू नका."

प्रमोशन झालं, चार मीटिंगा उशिरा. माझी फाइल निघाली की आबासाहेब चहाला बाहेर जायचे आणि विषय पुढच्या मीटिंगवर जायचा, असं ऐकलं. शेवटच्या खेपेला ते बाहेर असतानाच बाकीच्यांनी सह्या केल्या.

तेव्हापासून कुठूनही दगडाचा फोन आला की मी एकच विचारते, तिथे मेंढरं कोण राखतं? त्या माणसाला आधी दाखवा. त्याला नाही कळलं तर मी येते.