धावपट्टीवर हसलेला माणूस

गेल्या उन्हाळ्यात मी मालेगावहून रिठदला, माहेरी गेले होते. दुपारी दारात पुण्याची गाडी थांबली. उतरले ते एक निवृत्त इंजिनिअर आणि त्यांची मुलगी. रेसच्या जुन्या गाड्या कोणी आणल्या, कोणी पळवल्या, शेवटी कुठे गेल्या, याचा शोध घेत बापलेक गावोगाव हिंडत होते. त्यांना माझ्या बाबांना भेटायचं होतं.

मला वाटलं, पत्ता चुकला. बाबांची ऐंशी उलटलेली. सोयाबीन आणि तूर यांपलीकडे त्यांना काही नसे. घरात साधी मोटारसायकलसुद्धा त्यांनी येऊ दिली नव्हती. भावाने हट्ट धरला तेव्हा ताटावरून उठून गेले होते.

इंजिनिअरांनी बाबांसमोर बसून मोबाईलवर एक जुनी, बिनआवाजाची फिल्म लावली. विमानाच्या धावपट्टीवर गाड्या सुटल्या. बिनटपाची एक लांबट गाडी सगळ्यांच्या पुढे येऊन थांबली. चालवणाऱ्याने अर्धा चेहरा झाकणारा जाड चष्मा काढला आणि मान मागे टाकून तो खदखदून हसला.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. ते बाबा होते. विशीतले. असं हसताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

फिल्ममध्ये पुढच्याच क्षणी दोन माणसांनी त्यांना दंडाला धरून गाडीतून बाजूला ओढलं. सुटाबुटातला एक शेठ त्यांच्या जागी बसला. हार त्याच्या गळ्यात पडला.

"रेसच्या नोंदींत सगळीकडे गाडीच्या मालकाचं, या शेठचंच नाव आहे," मुलगी म्हणाली. "त्यांच्या नातवाकडे ही फिल्म सापडली. तिथले जुने दिवाणजी म्हणाले, हा आमचा मेकॅनिक, रिठदचा. आजोबा, तुम्हीच ना?"

बाबांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"मीच हाव," ते म्हणाले. "शेठले ताप भरला व्हता. मले म्हने, माहा टोप घाल, चष्मा लाव, कोनाले समजनार नाई. चालोली म्या."

"मग पुढे?"

"दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. चष्मा काढला म्हून. लोकायनं तोंड पाह्यलं म्हून."

आई चुलीपासून उठून आली. "इतकी वर्सं संसार केला तुमच्यासंगं. काहून सांगतलं नाई मले?"

"कोनं मानलं असतं?"

"अन् मले बाळंतपनाले बैलबंडीत नेलं तुमी!" आई ओरडलीच. हसावं की रडावं हे तिलाही कळेना. ती जी आत गेली, ती पाहुण्यांना चहा द्यायलाही बाहेर आली नाही. चहा मीच केला. त्यात साखर दोनदा पडली.

दिवाळीला मी पुन्हा माहेरी आले, तेव्हा इंजिनिअरांचा फोन आला. नोंद बदलायला शेठच्या नातवाने स्वतःच होकार दिला होता. इंजिनिअर लिहीत असलेल्या त्या गाडीच्या इतिहासात विजेता म्हणून आता बाबांचं नाव लागलं होतं. मी धावत अंगणात जाऊन बाबांना सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "शेठच्या घरच्यायले राग तं नाई आला ना?"