आबांचा उजवा हात

परवा तालमीवरून जाताना तेल-हळदीत मुरलेल्या लाल मातीचा वास आला आणि मुरगूडचं कुस्त्यांचं मैदान आठवलं.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासरे, आबा, जुने पैलवान. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा पडलेला. त्यांच्या सोबतीला मी गेले होते. कुस्तीतलं मला काहीच कळत नव्हतं.

एका पैलवानाची मान दुसऱ्याच्या काखेत अडकली. तेवढ्यात आबांचा लुळा हात उचलला गेला, बोटांनी हवेतच मनगट धरल्यासारखं केलं. क्षणभरानं त्या पैलवानानंही तसंच समोरच्याचं मनगट धरून मान सोडवली.

"आबा, तुमचा हात हलला!"

"कुठला गं? तू कुस्ती बघ की."

हात मांडीवर निपचित पडला होता. तो पुन्हा कधीच हलला नाही.

तेव्हापासून मी एकही मैदान चुकवत नाही. आता आबा नाहीत, तरी कुस्ती अटीतटीला आली की मी आधी शेजारी बघते.