मीनलबेनचे भिंग

लग्नाची पत्रिका हातात पडली की लोक आधी नावे वाचतात, मग तारीख. मीनलबेन आधी भिंग लावत. काळ्या दोरीत ओवलेले, आगपेटीएवढ्या उंचीचे ते भिंग त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी लोंबत असे. पत्रिका टेबलावर सपाट ठेवायची, भिंग तिच्यावर टेकवायचे, एक डोळा मिटायचा आणि गणपतीच्या सोंडेपासून सुरुवात करायची. देणारा समोर पेढ्यांचा पुडा धरून उभा. "गणपती फाटलाय, ठिपके दिसतात," असा निकाल यायचा. मग दुसरा डोळा उघडून, अगदी मनापासून, "अभिनंदन हं! मुलगी कुठली?" डहाणूतले लोक त्यांना पत्रिका द्यायला बिचकत. पण स्वतःच्या घरी लग्न ठरले की छापण्याआधी कच्ची प्रत घेऊन त्यांच्याकडेच येत.

डहाणू रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमच्या साप्ताहिकाचे कार्यालय होते. बातम्या मी लिहीत असे, पाने मीनलबेन लावत. साप्ताहिकाच्या कामाने दिवस भरत नसे, म्हणून उरलेल्या वेळात त्या बाहेरची कामे करत: चिकूच्या खोक्यांवरची चित्रे, वरोरच्या होडीवाल्यांच्या पूजेची पत्रके, दुकानांच्या पाट्या. घरची भाषा गुजराती. आमच्याशी मराठी बोलत, पैशांचा हिशेब गुजरातीत करत आणि संगणक अडला की हिंदीत रागावत.

कोणी मोबाईलवरून चित्र पाठवून "हे मोठं करून छापा" म्हटले की त्या त्याला खुर्ची देत आणि समजावत. त्यांचे समजावणे ठरलेले होते. "बघा भाई, मी संगणकात रेष काढते तेव्हा ती ठिपक्यांची नसते. इथून निघ आणि तिथे वळून जा, एवढा हुकूम असतो. ती नखाएवढी करा नाय तर भिंतीएवढी, तुटणार नाय. पण छापायला द्यायची म्हणून तिचं चित्र केलं की तिचे ठिपके होतात. मग प्रश्न एकच. एका इंचात ठिपके किती?" समोरचा मान डोलवायचा. "आणि तो इंच कुठला? छापल्यावरचा. मोबाईलवरचा नाय." इथे बहुतेकांची मान थांबायची.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळाले नव्हते. नव्याने काम शिकल्या तेव्हा एका पतसंस्थेच्या कॅलेंडरचे काम त्यांच्याकडे आले. चित्र कैनाडच्या पाड्यावर वारली चित्रे काढणाऱ्या गंगी आजीचे होते: गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने काढलेला तारपा नाच. मध्ये तारपा हे वाद्य फुंकणारा, त्याच्याभोवती गोल गोल फिरत बाहेर पडणारी माणसांची रांग. मीनलबेननी रेषा नीट उतरवून घेतल्या, पण संगणकातून चित्र बाहेर काढताना ठिपके संगणकाच्या पडद्यापुरतेच ठेवले. पडद्यावर सगळे झकास दिसत होते. कॅलेंडर छापून आले आणि त्या स्वतः हौसेने ते घेऊन कैनाडला गेल्या.

आजीने कॅलेंडर ओटीवर पसरले, वाकून पाहिले आणि विचारले, "माझी माणसां कोणी कापली?"

त्या चित्रातला माणूस दोन त्रिकोणांचा असतो. वरच्याचे टोक खाली, खालच्याचे टोक वर, आणि दोन टोके भेटतात ती त्याची कंबर. चित्रातली सगळ्यात बारीक जागा तीच. ठिपका कंबरेपेक्षा जाड असला की कंबर उरत नाही. कॅलेंडरवर सगळी रांग कंबरेत कापली गेली होती; वर छाती, खाली पाय, मध्ये गेरू. "दिसतं तर सगळं, आजी," मीनलबेन म्हणाल्या. आजी म्हणाली, "नाचात बाजूचा बाजूच्याला कंबरेत धरतो. कंबर नाय तं धरायचा कठं?" आणि तिने कॅलेंडर गुंडाळून परत दिले. यापुढे छापायला चित्र देणार नाही, हेही त्याच आवाजात सांगितले. मीनलबेननी त्याच आठवड्यात भिंग घेतले.

ही हकिकत त्यांनी मला पाने लावता लावता, माऊसवरचा हात न थांबवता सांगितली होती. शेवटी एवढेच म्हणाल्या, "वाचणारा भिंग लावत नाय, बरोबर ने? म्हणून आपण लावायचं."

पुढे बऱ्याच वर्षांनी कैनाडच्या पाड्यावरचे शिक्षक रमण गुरुजी कार्यालयात आले. पहिलीच्या मुलांसाठी त्यांनी वारली बोलीतल्या गोष्टी जमवल्या होत्या. शाळेत आलेल्या मुलाला पहिले पुस्तक घरच्या बोलीत मिळावे, असा त्यांचा आग्रह. गोष्टींचा धागा तारपा नाचाचा होता: नाचातले एकेक माणूस रांगेतून बाहेर येऊन आपली गोष्ट सांगते. त्यामुळे नाचाचे चित्र नसेल तर पुस्तकच उभे राहत नव्हते. ते चित्र गंगी आजीचेच हवे, यावर पाड्यात दुमत नव्हते. आजीने चित्र काढलेही होते, पण छापायला द्यायची तिची तयारी नव्हती.

"एक अट घालून देते म्हणते," गुरुजी म्हणाले. "छापलेला कागद आधी तिला दाखवायचा. एकाचीही कंबर तुटली तर चित्र परत, आणि पुस्तक बंद."

"तिला सांगितलंत का, काम कोणाकडे आहे?" मीनलबेननी विचारले.

"सांगितलं. म्हणाली, कापणारीच शिवंल."

मीनलबेन हसल्या नाहीत. चित्र कैनाडहून कागदाच्या नळीत आले तेव्हा त्यांनी टेबल दोनदा पुसले. एका बटणात रेषा उतरवून देणारी सोय त्यांच्या संगणकात होती. ती वापरली नाही. एकेक माणूस हाताने उतरवला. आजीचा हात आता थरथरत होता आणि ती थरथर रेषेत होती. मी म्हटले, जरा सरळ केली तर चालेल. "नाय चालणार. तिचा हात हलला तिथे माझी रेष पण हलली पाहिजे. नाय तर ते तिचं कसं?" रांग जसजशी आत जाई तसतशी माणसे लहान होत. अगदी आतली मुंगीएवढी. त्यांच्यापाशी आल्या की त्या श्वास रोखून धरत.

छपाई तलासरीच्या छगनभाईंकडे होती. हायवेजवळ त्यांची छोटी प्रेस. दर परवडणारे आणि माणूस दिलेला दिवस पाळणारा. पुस्तकाचे मुखपृष्ठ गेरूच्या रंगाच्या एकाच शाईत छापायचे ठरले. शाई नसेल तिथे कागद पांढरा राहील, तोच माणूस. छगनभाईंच्या यंत्रणेला रेषांची फाईल झेपत नसे, तयार चित्रच लागे. मीनलबेननी छापायच्या मापात, इंचाला बाराशे ठिपके धरून चित्र काढले आणि पेन ड्राइव्ह पाठवला. गुरुजींना नुसते पाहायला म्हणून मोबाईलवर एक छोटी प्रत दिली. सोबत बजावले, "हे बघायला. छापायला नाय."

नमुन्याचा छापील कागद आला तेव्हा गुरुजी तो दोन्ही हातांनी धरून आले. खरोखर देखणा होता. मीनलबेननी तो टेबलावर ठेवला, भिंग टेकवले. बाहेरून आत, एकेक माणूस. मग उठल्या, पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि म्हणाल्या, "कापली."

"सगळी?"

"बाहेरची धडधाकट आहेत. आतली सगळी गेली."

गुरुजी खाली बसले. शाळा उघडायला फार दिवस नव्हते. "बेन, पहिलीची पोरं भिंग घेऊन बसणार आहेत का?" ते हळूच म्हणाले.

"पोरं नाय, गुरुजी. आजी बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्या तलासरीला निघाल्या. मला तिथल्या तहसील कार्यालयात काम होते, एकाच एसटीने गेलो. रस्ताभर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. प्रेसमध्ये छगनभाईंनी चहा मागवला आणि बचाव सुरू केला.

"बेन, पेन ड्राइव्हवाली फाईल उघडतच नव्हती. कॉम्प्युटर बेशुद्ध पडला. मग गुरुजींना म्हटलं, तुमच्याकडची मोबाईलवर टाका. पण तुमची नेहमीची, इंचाला तीनशेची अट मला माहीत आहे हं. हे बघा, तीनशे."

पडद्यावर खरेच तीनशे लिहिले होते.

"कोणी लिहिलं?"

"मीच. आली तेव्हा कमी होती, मी वाढवून टाकली."

"भाई, तुम्ही चिकूच्या खोक्यावर दहा किलो लिहिलं, म्हणून आत दहा किलो चिकू येतात का?"

यंत्रावरचा कारागीर फिस्सकन हसला. छगनभाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःही हसले. "नाय येत."

"आत होते तेवढेच ठिपके राहिले. आकडा वाढला, चित्र नाय. आणि तीनशे फोटोला पुरतात. ही मुंगीएवढी माणसं आहेत, यांना नाय पुरत." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण माझी पण चूक आहे. शाई एक, आणि मी फाईल सगळ्या रंगांची पाठवली. उगाच जड केली. तुमचा कॉम्प्युटर पडणार नाय तर काय?"

पर्समधून त्यांनी दुसरा पेन ड्राइव्ह काढला. पहिली फाईल उघडली नसणार हे ताडून, निघण्याआधीच त्याच रेषांवरून चित्र पुन्हा बाहेर काढले होते. ठिपके तेवढेच, इंचाला बाराशे, पण रंगांची सगळी माहिती गाळलेली. प्रत्येक ठिपक्यापाशी एकच प्रश्न, शाई आहे की नाही. फाईल इतकी हलकी झाली होती की चहा येण्याआधी उघडली. छगनभाईंनी ती पडद्यावर मोठी केली, आणखी मोठी केली, आणि खुर्चीत सरळ झाले.

नवीन प्लेट बनवून कागद छापून व्हायला दुपार झाली. पहिला कागद ओला असतानाच मीनलबेननी भिंग लावले. यंत्र बंद होते. बाहेरून आत, एकेक. मग त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि भिंग छगनभाईंच्या हातात दिले. "तुम्ही बघा. मी आईसारखी बघते, मला चांगलंच दिसणार."

छगनभाईंनी पाहिले. "अरे, हे काय! ह्या बारक्याला पण कंबर आहे!" त्यांनी कारागिराला बोलावले, मग शेजारच्या पंक्चरवाल्याला. त्यानंतर भिंग घेऊन आपल्याच कपाटातल्या पत्रिकांचे नमुने पाहू लागले आणि त्यातले बरेचसे बाजूला काढत गेले.

पण निकाल तलासरीत लागणार नव्हता. कैनाडला आम्ही गुरुजींबरोबर गेलो. आजी ओटीवर नाचणी पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवले, हात लुगड्याला पुसले, कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बाहेरची दिसतात. आतली नाय दिसत मला," ती म्हणाली. "धाकली कठं हायेत?"

मीनलबेननी कागद ओटीवर पसरला, भिंग त्यावर ठेवले आणि आजीचे डोके अलगद त्याच्याकडे वाकवले. "एक डोळा मीट, आजी."

आजीने भिंग स्वतःच्या बोटांनी धरले. बाहेरच्या रांगेपासून सुरुवात केली. भिंग सरकत होते, थांबत होते, सरकत होते. मीनलबेनचे दोन्ही हात पर्सच्या पट्ट्यावर होते आणि पट्टा पिळला जात होता. आजी मध्यापर्यंत गेली, तारपावाल्यापाशी थांबली. मग परत एक वेढा मागे आली, बहुधा खात्री करायला.

"धरलाय," ती म्हणाली. "सगळ्यांनी धरलाय."

गुरुजींनी टाळी वाजवली. तेवढ्याने पाडा गोळा झाला आणि ओटीपुढे रांग लागली. प्रत्येकाला भिंगातून पाहायचे होते आणि आजी प्रत्येकाला दटावून सांगत होती, "हात पूस आधी!" मीनलबेन खांबाला टेकून उभ्या होत्या. इतकी वर्षे शेजारी बसून मी त्यांना रडताना पाहिले नव्हते; त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, नुसत्या सगळ्यांना विचारत होत्या, "कंबर दिसली ने? दिसली ने?"

पुस्तक शाळा उघडायच्या दिवशी मुलांच्या हातात पडले. पुढे तलासरीच्या पाड्यांतूनही मागणी आली. छगनभाईंनी ते पुन्हा छापले आणि पहिला कागद स्वतः भिंगाखाली पाहिला. ते भिंग त्यांनी नवीन घेतले होते. मीनलबेनच्या गळ्यात मात्र आजीने कागद पाहिला त्या दिवसानंतर भिंग नव्हते. कैनाडहून निघताना त्यांनी भिंगासाठी हात पुढे केला होता, पण आजी तोवर त्यातून स्वतःच्या तळहाताच्या रेषा पाहत होती. त्यांनी हात मागे घेतला.

मीनलबेन आता वलसाडला मुलीकडे असतात. त्या गेल्या त्या दिवशी कार्यालयात छोटा निरोप समारंभ होता. गंगी आजी गुरुजींच्या मोटारसायकलवरून आली. तिने कागदाची नळी मीनलबेनच्या हाती दिली, आत नवीन चित्र होते. मग पदराची गाठ सोडून तिने भिंग काढले आणि पुढे धरले. "बघून घे. मागं बोलशील, तुटका दिला."

मीनलबेननी चित्र उलगडले आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले. भिंगाला हात लावला नाही. "भिंग छपाईला लावायचं असतं, आजी. हाताच्या कामाला नाय."

आजीने क्षणभर विचार केला. "मंग ह्या माझाच," ती म्हणाली आणि भिंग पुन्हा पदरात बांधले.