माकान

नातवंडांनो, तळ्याकाठच्या वसाहतीचा इतिहास तुम्ही मागितलात. तो सोपा वाटला होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सात-आठ जवानांनी तळ्याकाठी कौलारू घरं बांधली, आणि दर मे महिन्यात आम्ही सगळी कुटुंबं तिथे राहायला जायचो. माझे बाबा त्यांतलेच एक. युद्धात आपण क्वेट्ट्याला कोठार सांभाळत होतो, असं ते सांगत.

जेवण एकत्र असे. लोखंडी पट्टी वाजली की बाबा ओरडत, “माकान!” आम्हा मुलांना वाटे, हिंदीतलं मकान, म्हणजे घरी चला.

परवा इथे सिंगापुरात तुमच्या आत्याबरोबर जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, गेले. नूडल्सवाल्याने विचारलं, “आंटी, माकान हिअर?”

“हा काय म्हणतोय?”

“अगं आई, माकान म्हणजे जेवण. मलय शब्द आहे.”

क्वेट्ट्यात मलय कोण बोलत होतं?

मग दुसरी गोष्ट खटकली. वसाहतीत साबुदाणा येत नसे. एकादशीला वरीचे तांदूळच. तळ्याच्या हवेत साबुदाणा बाधतो, असं बाबा सांगत आणि आई मान खाली घालून वाढत राही. इथे आमच्या शेजारच्या चिनी आजी टॅपिओकाच्या कंदाच्या वड्यांना हात लावत नाहीत. “वॉर टाइम एव्हरी डे ईट, लाह. इनफ.” युद्धात सिंगापूर जपान्यांनी घेतलं, त्या अमलात दुसरं काही मिळतच नसे म्हणे. आणि साबुदाणा होतो तो त्याच कंदाचा.

त्या जवानांपैकी आता फक्त सुभेदारकाका आहेत. त्यांना पुण्याला फोन लावला.

“काका, बाबांना साबुदाणा का चालत नव्हता?”

“आवडत नसे, दुसरं काय! बापाची उलटतपासणी करतेस होय गं? बरं, मुलीचं घर कुठे तिथे?”

“जुरोंगला.”

“तिकडे? त्या दलदलीत घरं झाली?”

आता इथे दलदल कुठेच दिसत नाही. सगळे टॉवर आहेत.

“काका, तुम्ही पाहिली होती ती?”



“कुणीतरी सांगितलं असेल. चल, ठेवतो. माकानची वेळ झाली.”

फोन बंद झाला. बाबा इथे जपान्यांचे कैदी होते की त्यांच्या बाजूने लढणारे, हे आता मला कोण सांगणार? तुमच्यासाठी लिहिलेल्या कागदावर बाबांच्या नावापुढे ‘क्वेट्टा’ होतं. तेवढं खोडलं आहे. तिथे सिंगापूर लिहायला अजून हात धजत नाही.