साच्यावरचा रंग

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. काल नांदुऱ्यात तापल्या प्लास्टिकचा वास आला आणि किसन सुतार आठवला.

शाळेसाठी सातपुड्याचा उठावाचा नकाशा करायला किसननं आणि मी शाळेतच यंत्र बांधलं होतं. तापवलेली प्लास्टिकची शीट लाकडी साच्यावर ठेवायची आणि किसननं केलेल्या खालच्या पेटीतून, साच्यातल्या बारीक भोकांवाटे, हवा ओढायची. तीन दिवस शीट दऱ्यांत बसेचना.

"तुह्या पेटीतून हवा गळते बे!" मी सगळ्या शिक्षकांसमोर ओरडलो.

"तीनदा जोडली मास्तर, आता काऊन गळन?" म्हणत त्यानं ती पुन्हा उकलली.

साच्यातली हवेची भोकं मीच दिलेल्या रंगानं बुजली होती. संध्याकाळी ते कळलं, तेव्हा गुपचूप सुईनं मोकळी केली. सकाळी डोंगर उठले.

"जमली एकदाची तुही पेटी," मी म्हणालो. किसन ओशाळून हसला.

किसन आता नाही. 'पेटी पहिल्यापासूनच चांगली होती, चूक माही होती,' हे त्याला सांगायचं राहिलं.