बारदान वजा करून

वजन कमी करायला चार माणसं एकत्र आली की वजन जागच्या जागी राहतं आणि किस्से तेवढे वाढतात. आमचं तेच झालं. त्यातले काही चारचौघांत सांगायचे नसतात म्हणे, पण मला तो फरक कधी कळलाच नाही. बायको म्हणते, तुमच्या पोटात काही राहत नाही. माझं पोट बघून तरी असं म्हणू नये की नाही?

तर आम्ही चौघं. टॉवेलच्या कारखान्याचा मालक श्रीनिवास, किराणा दुकानवाला मल्लू, हेडमास्तर कांबळे सर आणि कॉलेजच्या ऑफिसातला मी. रोज सकाळी तळ्याभोवती चालतो आणि दर शनिवारी श्रीनिवासच्या गोडाऊनमध्ये सूत तोलायच्या काट्यावर चढतो. सुताच्या धंद्यात पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदान म्हणतात. आम्हीही बारदान धरायला लागलो. चप्पल, पाकीट, मोबाईल, किल्ल्या. सरांनी तर ऐन मे महिन्यात स्वेटर घालून येऊन दीड किलो वजा करायला लावलं. मल्लूने एकदा चार किलो सांगितलं, तेव्हा श्रीनिवास म्हणाला, "काय बे, सुताच्या आख्ख्या गाठीला एवढं बारदान नसतंय. लोखंडी बनियन घालतोस का?"

वजनाचा तक्ता सर खडूने भिंतीवर लिहितात. गैरहजर राहिलं तर कारणाची चिठ्ठी द्यायची, तीही पालकाच्या सहीची. पालक म्हणजे बायको. तीस वर्षं शाळेत काढल्यावर माणूस असाच होतो. मी एकदा "पोट बिघडल्यामुळे" असं लिहून दिलं, तर सौ.ने सही करून खाली लिहिलं, "लग्नात तीनदा जिलबी घेतली होती." सरांनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं.

*

दुधनीला भाचीचं लग्न होतं, म्हणून मी पँट शिवायला टाकली. टेलर मास्तरांनी टेप लावला की मी श्वास आत ओढतो. सगळेच ओढतात, मी एकटा नाही. पँट घेऊन आलो, तर कमरेत अगदी आरामशीर बसली. मी खूश. चालण्याचा गुण आला म्हणून मास्तरांना सांगायला गेलो, तर त्यांची मापाची वही उघडीच होती. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "छत्तीस. श्वास धरून. अडीच इंच वाढवणे."

पान उलटून बघितलं. श्रीनिवास तीन इंच होता. मला जरा बरं वाटलं.

*

मल्लू मात्र एकही दिवस चुकवायचा नाही. पाऊस असो, सर्दी असो, साडेपाचला हजर. सर आम्हाला त्याचा दाखला द्यायचे. एकदा सर्वांसमोर त्याचं कौतुक केलं, तर हा बाकावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "सर, मी चुकवत नाही, कारण चिठ्ठीवर सही मागायला महादेवीशी बोलावं लागतंय."

महादेवी म्हणजे त्याची बायको.

"पाच महिने झाले, मी हॉलमध्ये झोपायलोय. घोरतो म्हणून सांगितलंय तिला. खरं म्हणजे काही जमतच नाही, भाऊ. आणि शर्ट काढायची लाज वाटती. लाईट बंद असला तरी वाटती."

"आणि तिला काय वाटतंय?" मी विचारलं.

"तिला वाटतंय, ती मला आवडंना झाली."

एकशे आठ किलोचा माणूस, पण त्या दिवशी एवढासा दिसत होता. आमच्यापैकी कोणी हसलं नाही. मला तर फार वाईट वाटलं, कारण त्यातलं थोडंसं माझंही होतं.

*

आम्हाला सांगण्याआधी त्याने एक उद्योग करून ठेवला होता. स्टँडजवळच्या टपरीवरून तेलाची बाटली आणली, वर घोड्याचं चित्र. ती लपवली देवघराच्या मागे. देवघर कोण पुसतं? आई. आई कानडी पट्ट्यातल्या मैंदर्गीची, मराठी वाचता येत नाही; घोडा बघितल्यावर तिला वाटलं ताकदीचं तेल असणार, म्हणून आठ दिवस तिने गुडघ्याला चोळलं.

नवव्या दिवशी ऐन गर्दीत ती दुकानात आली. "मल्ल्या, ते घोड्याचं तेल संपलं बघ. लई गुण आला. अजून एक बाटली आण की."

दोन गिऱ्हाइकांनी लगेच विचारलं, कुठं मिळतंय.

*

शेवटी त्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. एकटा जाईना, म्हणून चौघं गेलो. डॉक्टर म्हणजे मॅडम निघाल्या, तेव्हा तर त्याला घामच फुटला. त्यांनी मात्र सर्दी-खोकल्यासारखं सगळं सरळ विचारलं. पोटाचा घेर मोजला, साखर, बीपी बघितलं. म्हणाल्या, "पोटावर चरबी साठली की पुरुषाचं हार्मोन कमी होतं, रक्तपुरवठाही मंदावतो. त्यात तुम्ही घाबरलेले. बऱ्याच जणांना होतं हे. वजन उतरवा, बराच फरक पडेल. गरज लागली तर गोळी मी देईन, टपरीवाला नाही. आणि आजच बायकोला खरं सांगा."

उठताना कांबळे सर म्हणाले, "मॅडम, माझा एक मित्र आहे, त्यालाही असंच..."

श्रीनिवास म्हणाला, "माझाही एक आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"तिघांच्याही मित्रांना उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला पाठवा," त्या म्हणाल्या.

*

मल्लूने त्याच दिवशी सांगून टाकलं. महादेवी आधी रडली, मग चिडली. "एवढंच होतं होय? आणि मी येड्यासारखी नवीन साड्या घेत बसले." तेव्हापासून स्वयंपाकात तेल मोजून, शेव बंद, आणि संध्याकाळी ती स्वतः त्याच्याबरोबर चालायला. सात महिन्यांत काट्यावर नव्व्याण्णव दिसलं. बारदान न धरता. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण तो म्हणाला, "अजून हॉलमध्येच आहे, भाऊ. ती बोलावतीय, मलाच धीर होईना."

आणि मागच्या शनिवारी मल्लू आलाच नाही. पहिल्यांदाच. फोन बंद. सरांनी तक्त्यावर त्याच्यापुढे रेघ मारली, पण सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला.

रविवारी साडेपाचला स्वारी हजर. काही न बोलता त्याने सरांच्या हातात चिठ्ठी दिली. सरांनी चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे मोठ्यांदा वाचायला लागले.

"कारण, घरगुती. सही, महादेवी."

पुढे ते थांबले. सहीखाली तिच्याच अक्षरात अजून एक ओळ होती. सरांनी ती मनात वाचली, मग चष्मा पुसून आम्हालाही वाचून दाखवली.

"पुढच्या शनिवारचीही रजा धरावी."