तेल लावलेल्या वेण्या

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी नगरपालिकेत कारकून होतो आणि मेंबरांबरोबर कळंब्याच्या रस्त्यावरचा मुलींचा अनाथाश्रम तपासायला जायचो. फाटकासमोर एक फुलवाली बसायची. दोरा दातांनी तोडायची आणि आम्ही दिसलो की गजरा मांडीवर ठेवून टक लावून बघत राहायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

आत मुली तेल लावून, घट्ट वेण्या घालून ओळीत उभ्या असायच्या. मी डोळे मिटून 'व्यवस्था समाधानकारक' असा शेरा लिहायचो.

एकदा बाहेर पडताना फुलवालीनं मला अडवलं.

"पावणं, आदी सांगून कशाला येतासा? काल पोरींच्या डोक्याला तेल लागलं, तवाच म्या वळाखलं, उद्या सायब येणार. एरवी पाटंपासनं लोकांच्या घरात भांडी घासत्यात की ह्या. एकदा न सांगता येऊन बगा."

"बघतो," मी म्हणालो.

तपासणीची नोटीस आठ दिवस आधी धाडायची आमची रीत होती. ती मोडा, एवढंच मेंबरांना सांगायचं होतं. माझी जीभ रेटली नाही. पुढची नोटीसही मीच लिहिली, चांगल्या वळणदार अक्षरात.

त्या खेपेला फुलवालीनं मान वर केली नाही. गजरा बांधत राहिली.